सीएनजी पिकअपचा स्लो खाली-वर होतोय: थ्रॉटल बॉडी बदलायची का, आणि बदलायचीच तर कशी

प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोल-सीएनजी छोटी पिकअप, ९० हजार किलोमीटर झालेली, बहुतेक वेळ सीएनजीवरच चालणारी. गाडी उभी असताना स्लो (पेडलला पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला फेऱ्यांत) ८०० वरून १,६०० पर्यंत चढतो-उतरतो आणि सिग्नलला क्लच दाबला की कधीकधी इंजिन बंदच पडतं. दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) काढून साफ केली. पंधरा दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. स्कॅनर मारला तर पी ०५०७ कोड आला. मेकॅनिक म्हणतो, बॉडीच बदलून टाका.

लगेच बदलू नका. पी ०५०७ चा अर्थ एवढाच की स्लो ठरलेल्यापेक्षा जास्त आहे आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) तो खाली आणता येत नाहीये. म्हणजे इंजिनात कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. ती बॉडीतून शिरत असेल, बॉडीखालच्या पॅकिंगमधून शिरत असेल, नाहीतर एखाद्या तडकलेल्या बोटभर पाईपमधून. कोड यातला फरक सांगत नाही. शिवाय तुमच्या हकिगतीत एक गोष्ट खटकते: साफ करायला बॉडी काढली तेव्हा खालची रबरी रिंग नवी घातली का? बऱ्याच ठिकाणी जुनीच परत बसवतात. ९० हजार किलोमीटर उष्णता खाऊन चपटी आणि कडक झालेली रिंग एकदा खोबणीतून निघाली की पुन्हा तशी बसत नाही. काही दिवस धरते, मग इंजिनच्या धडधडीने हवा ओढायला लागते. तुमचे पंधरा दिवस इथे जुळतात.

स्लोला झडप काय करते

इलेक्ट्रॉनिक बॉडीत पाय अ‍ॅक्सिलेटरवरून काढलेला असला तरी झडप पूर्ण मिटत नाही. ईसीयू छोट्या मोटरने ती केसभर उघडी ठेवतो आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेवर स्लो टिकतो. केबलवाल्या बॉडीत झडप जवळजवळ मिटलेली असते, हवा बाजूच्या बोळातून जाते आणि बोळाच्या तोंडावर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आपली बॉडी कुठली हे ओळखायला एवढंच बघायचं: पेडलची केबल बॉडीपर्यंत येते की फक्त वायरिंगचा कपलर आहे. केबल असेल तर बहुतेक वेळा आख्खी बॉडी घ्यायची गरज नसते; आयडल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटल सेन्सर सुटा मिळतो.

काजळी साचते ती झडपेच्या इंजिनकडच्या बाजूला आणि कडेला. क्रँककेसमधून येणारी तेलकट वाफ, त्यात एअर फिल्टरच्या कडेने निसटलेली धूळ, असा तो चिकट काळा थर असतो. इंजिन सीटखाली असलेल्या पिकअपमध्ये फिल्टरचं झाकण नीट बसलेलं नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. फट जसजशी बुजते तसतसा ईसीयू झडप थोडी जास्त उघडतो आणि ते नवं माप लक्षात ठेवतो. म्हणून काजळी हळूहळू साचली तर बरेच महिने काही कळतच नाही. मापाची हद्द संपली की मग क्लच दाबल्यावर इंजिन बसतं, थंड इंजिन अ‍ॅक्सिलेटर दिल्याशिवाय उभं राहत नाही. लक्षात घ्या, काजळीने स्लो खाली जातो, वर नाही. तुमचा वर जातोय.

वर-खाली होण्याचं कारण असं. जास्तीची हवा शिरली की रेस (इंजिनाचे फेरे) वाढते. ईसीयू झडप मिटवत मिटवत शेवटच्या टोकाला नेतो, तरी रेस उतरत नाही. मग पाय पेडलवर नसताना रेस ठराविक आकड्याच्या वर दिसली की तो इंधन तोडतो, जसं उतारावर तोडतो तसं. रेस धाडकन खाली येते, इंधन परत सुरू, रेस पुन्हा वर. हा खेळ ठरावीक तालात चालतो. ताल जितका नियमित, तितका हवेच्या गळतीचा संशय पक्का. अनियमित झटके, मध्येच थरथर असेल तर ते मिसिंग (एखाद्या सिलिंडरात जळण चुकणं). तिथे प्लग, कॉइल, इंजेक्टर बघायचे.

आणि काटा ७५० वर स्थिर, पण केबिन थरथरतेय, असं असेल तर स्लोचा प्रश्नच नाही. इंजिन माउंटिंगचं रबर बसलंय.

पहिली चाचणी फुकटची आहे

इंजिन पूर्ण गरम करा, पेट्रोलवर पाच मिनिटं स्लो बघा, मग सीएनजीवर पाच मिनिटं. थ्रॉटल बॉडी दोन्ही इंधनांना एकच आहे. पेट्रोलवर स्लो ठीक आणि गॅसवर बिघडलेला असेल तर बॉडीवर एक रुपया घालू नका. मग गॅसचा कमी दाबाचा फिल्टर, रेग्युलेटरमध्ये साचलेलं कॉम्प्रेसरचं तेल, गॅस इंजेक्टर आणि प्लग यांच्याकडे वळा. सीएनजीला ठिणगी जास्त व्होल्टेजची लागते, त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारे जुने प्लग आणि कमजोर कॉइल गॅसवर आधी उघडे पडतात.

उलटं झालं, म्हणजे गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर वाईट, तर आधी टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे ते आठवा. मारुती सुपर कॅरी पिकअपच्या सीएनजी मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी जेमतेम ५ लिटरची आहे आणि तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलेलं असतं. शिळ्या पेट्रोलने इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा धरतो. ताजं पेट्रोल भरून ३०-४० किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि मगच निकाल लावा.

दोन्हीवर सारखंच वाईट असेल तर हवा, ठिणगी किंवा इंजिनाची आतली तब्येत यातलं काहीतरी आहे. पुढचं सगळं या तिसऱ्या अवस्थेसाठी.

स्कॅनरवर कोड नाही, आकडे वाचा

कोड वाचून स्कॅनर बंद करणं म्हणजे डॉक्टरने ताप बघून थर्मामीटर खिशात घालण्यासारखं आहे. लाइव्ह डेटा उघडा.

सुरुवातीला इंजिन बंद, चावी ऑन. मॅप सेन्सरने (मॅनिफोल्डमधला, म्हणजे बॉडीतून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातला, दाब मोजणारा) त्या जागेचा हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत, कोकण किनाऱ्याला १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. यात मोठी तफावत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय. आता इंजिन सुरू करून गरम करा. धडधाकट छोट्या पेट्रोल इंजिनात गरम स्लोला मॅप साधारण ३० ते ४० च्या दरम्यान येतो आणि रेस ७०० ते ८५० मध्ये. मॅप ४५-५० दाखवत असेल, रेस चढलेली असेल आणि झडप मात्र तळाला टेकलेली असेल, तर हवा झडपेला वळसा घालून येतेय.

थ्रॉटलच्या टक्क्यांबाबत एक फसगत नेहमीची. स्लोला स्कॅनर १२ ते १८ टक्के दाखवतो आणि लोक म्हणतात, झडप उघडी अडकली. तो सेन्सरच्या व्होल्टेजवरून काढलेला कच्चा आकडा असतो. मिटलेल्या झडपेलाही सेन्सर शून्य व्होल्ट देत नाही. स्कॅनरमध्ये सापेक्ष थ्रॉटलचा (मिटलेल्या झडपेला शून्य धरून काढलेला) वेगळा आकडा असेल तर तो बघा.

फ्युएल ट्रिमबद्दल (ईसीयू हिशोबापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त देतोय तो आकडा) एक गोष्ट, कारण इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ एअर-फ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाड्यांचे असतात. त्या गाड्यांत गळती असली की स्लोला ट्रिम १५-२० टक्क्यांनी अधिक होतो, कारण सेन्सर चुकवून आत आलेल्या हवेचा हिशोबच लागत नाही. आपल्या छोट्या पिकअप बहुतेक मॅप सेन्सरवर चालतात. तिथे गळतीची हवाही मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयूला ती दिसते आणि तेवढं इंधन तो देतो. त्यामुळे ट्रिम जवळपास सरळ राहतो आणि फक्त रेस चढते. ‘ट्रिम नॉर्मल आहे, म्हणजे लीक नाही’ हा निष्कर्ष या गाड्यांत सरळ चुकतो.

गळती शोधायला नोजप्लायर पुरे

इंजिन स्लोवर ठेवा. नोजप्लायरच्या दातांवर कापड गुंडाळा आणि मॅनिफोल्डला जाणारे रबरी पाईप एकेक करून दाबा. पाईप दाबल्यावर रेस उतरून स्थिर झाली की चोर त्या पाईपच्या पलीकडे आहे. क्रम असा ठेवा.

कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) पाईप आधी. थंड इंजिनात स्लोवर हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. त्याचा टाकीकडचा पाईप काढून बोट लावा. बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

मग पीसीव्हीचा (क्रँककेसची तेलकट वाफ परत इंजिनात नेणारा) पाईप. हा तेलाने फुगतो, आतून सोलतो आणि नेमका वाकणाच्या खालच्या बाजूला चिरतो. वरून बघितलं तर नवाकोरा दिसतो. काढून, उलटा करून, वाकवून बघायचा. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला की खुळखुळायला हवा. साफ केलेली बॉडी पुन्हा पुन्हा तेलकट होत असेल तर कारण इथे किंवा पिस्टन रिंगमध्ये असतं. ते तसंच ठेवून बॉडी बदलली तर नवीही काळी होणार.

नंतर ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा). सिग्नलला गाडी बंद पडते तेव्हा पाय ब्रेकवर असतोच. उभ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर रेस बदलून सूंऽ असा आवाज येत असेल तर बूस्टरचा पडदा गेलाय. मग स्लोचं राहू द्या, आधी ब्रेकचं काम करा.

बाहेरून बसवलेलं गॅस किट असेल तर आणखी दोन जागा वाढतात: गॅस नोझलसाठी मॅनिफोल्डला पाडलेली भोकं, आणि टी घालून रेग्युलेटर किंवा गॅस ईसीयूकडे नेलेला बारीक व्हॅक्यूम पाईप. तो पाईप उन्हाळ्यात कडक होतो आणि टी-च्या तोंडाशी फाटतो.

बॉडी आणि मॅनिफोल्डचा सांधा तपासायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. सीटखालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर, शेजारी गॅसच्या नळ्या असताना ते करू नका. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, कपलर झाका आणि सांध्यावर बारीक फवारा मारा. गळती असेल तर पाणी आत ओढल्याचा आवाज येतो आणि रेस क्षणभर अडखळते. स्मोक मशीन असलेलं गॅरेज जवळ असेल तर तेच उत्तम.

बॉडी खरंच दोषी कधी

तीन परिस्थितींत बदलायला माझी हरकत नाही.

पहिली, पोझिशन सेन्सर बिघडलाय. इलेक्ट्रॉनिक बॉडीत दोन सेन्सर असतात आणि ईसीयू दोघांची साक्ष ताडून बघतो. साक्ष जुळली नाही की पी २१३५ येतो, गाडी मर्यादित ताकदीवर जाते आणि घाटात मध्येच पेडल मेल्यासारखं होतं. पण हाच कोड सैल पिनमुळेही येतो. कपलर लावलेला असताना मागून मल्टिमीटरची सुई घालून चावी ऑनवर मोजा: एका वायरला ५ व्होल्ट, एक अर्थिंगची (निगेटिव्ह), दोन सिग्नलच्या. बऱ्याच बॉडींत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज कायम ५ च्या जवळ राहते; काहींत दोन्ही वेगवेगळ्या दराने चढतात. सहकाऱ्याला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर. वायर हलवल्यावर उडी मारत असेल तर वायरिंग. कोकणातल्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवा थर येतो, आणि शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हा स्वतंत्र विषय आहे.

दुसरी, मोटर किंवा दातेरी चाकं गेलीत. पी २१०१, पी २१११, पी २११२, पी २११९ हे कोड, आणि चावी ऑन केल्यावर बॉडीतून येणारी बारीक गुणगुण बंद झालेली किंवा करकर येणारी. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, २११२ म्हणजे मिटलेली अडकली. आतली चाकं प्लास्टिकची असतात आणि ती सुटी मिळत नाहीत.

तिसरी, बॉडी घासली गेलीय. काढून उजेडाकडे धरा. मिटलेल्या झडपेभोवती उजेडाची रेघ सगळीकडे सारखी, केसाएवढी दिसली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर जाड दिसत असेल, किंवा झडप टेकते तिथे भिंतीला नखाला लागेल असा चरा पडला असेल, तर तिथे झडप अडकणार, साफ करून उपयोग नाही. केबलवाल्या बॉडीत शाफ्ट दोन बोटांनी हलवा. खळखळ लागली तर बुश गेलेत आणि हवा तिथूनही येतेय.

यातलं काहीच नसेल तर नवी रिंग घालून नीट साफ करा, लर्निंग (ईसीयूला झडपेचं नवं माप शिकवणं, पुढे दिलंय) करा आणि महिनाभर बघा. साफ करताना थ्रॉटल क्लीनरच वापरा. थिनर, पेट्रोल नको. काही बॉडींना आतून पातळ लेप असतो, तो निघतो. फवारा कापडावर मारून पुसायचं, शाफ्टच्या टोकावर थेट मारायचा नाही, कारण द्रव आत जाऊन सेन्सर बिघडतो. बॉडी अशी धरा की कपलरची बाजू वर राहील.

आणखी एक तपासणी पार्ट विकत घेण्याआधी करा: अर्थिंग. पिकअपचा हौदा वेल्डिंग करून घेतला असेल, तेही बॅटरी न सोडता, तर इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी जळकी किंवा सैल असणं नवल नाही. इंजिन सुरू, हेडलाईट आणि ब्लोअर चालू, मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर आधी अर्थ नीट करा.

सीएनजीवर एवढं चाललेल्या इंजिनात टॅपेटही (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघून ठेवा. गॅसच्या कोरड्या जळणाने व्हॉल्व्ह सीट खचते, टॅपेटचं अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तेव्हाही मॅप चढलेला दिसतो, पण रेस वर जात नाही, उलट लंगडते. माप मॅन्युअलप्रमाणे, इंजिन थंड असताना.

पार्ट घेताना

जुन्या बॉडीवरचा नंबर पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत सेन्सरची दिशा वेगळी असू शकते. कपलर बसतो, बोल्ट बसतात, आणि चावी ऑन करताच कोड येतो. जोडीला नवी रिंग वेगळी मागा, ती खोक्यात असेलच असं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून वापरलेली बॉडी स्वस्तात मिळते, पण तिच्या आतल्या सेन्सरची पट्टी किती घासलीय हे बाहेरून दिसत नाही. केबलवाली वापरलेली एकवेळ चालेल. इलेक्ट्रॉनिक मात्र नवीच घ्या.

बदलण्याचं काम

साहित्य: १० ची गोटी, एक्स्टेंशन, छोटा रॅचेट, नोजप्लायर, क्लीनर, धागे न सुटणारं कापड, नवी रिंग, अर्धा लिटर त्याच जातीचं कूलंट. इंजिन थंड हवं, कारण बऱ्याच बॉडींमधून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात.

सीएनजी सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसची नळी वाटेत येत असेल तर क्लिप सोडून बाजूला सरकवा. तिचा जोड खोलायचा नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात सगळ्या पाईपांचे फोटो काढून घ्या.

एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप काढा आणि आत तेल साचलंय का बघा. असेल तर वर सांगितलेला पीसीव्हीचा मुद्दा तुमच्यासाठीच आहे. कपलरचं लॉक आधी सरकवा, मग खटका दाबून काढा. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, वायर धरून ओढली तर पिन निघून हातात येते. रेडिएटरचं झाकण उघडून दाब सोडा, कूलंटच्या नळ्या चिमटून ठेवा. नळी सरळ ओढू नका. आधी गोल फिरवून सुटी करा, मग काढा. कोणती नळी कोणत्या तोटीची, यावर चिकटपट्टीने खूण करा.

चार बोल्ट, किंवा दोन बोल्ट आणि दोन नट, तिरपे-तिरपे ढिले करा. बॉडी चिकटली असेल तर हाताने डावी-उजवी हलवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर प्लास्टिकच्या मॅनिफोल्डच्या तोंडाला ओरखडा पडतो आणि तो ओरखडा म्हणजे कायमची गळती. बॉडी निघाली की लगेच मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. आत पडलेला एक वॉशर हेड खोलायला लावतो. तोंड कापडाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा, पॉलिश पेपर नको.

नवी आणि जुनी बॉडी शेजारी ठेवून ताडा: भोकाचा व्यास, पिनांची संख्या, तोट्या, बोल्टची अंतरं. नव्या इलेक्ट्रॉनिक बॉडीची झडप किंचित उघडी दिसेल. ती खराब नाही. वीज नसताना स्प्रिंग तिला तिथेच धरून ठेवते, म्हणजे मोटर बंद पडली तरी गाडी रडतखडत घरी येते. ती बोटाने दाबून मिटवायचा मोह आवरा.

रिंग खोबणीत कोरडीच बसवा. सिलिकॉन अजिबात लावू नका; जास्तीचा आत सुटतो आणि काही सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मग तिरपे-तिरपे दोन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा वेगळा असेल तर तोच. टॉर्क पाना नसेल तर छोटा रॅचेट डोक्याजवळ धरून फक्त मनगटाचा जोर. एक आटा जास्त दिला तर मॅनिफोल्डमधली पितळी बुश फिरते, आणि मग दहा रुपयांच्या बोल्टसाठी मॅनिफोल्ड बदलायची वेळ येते.

नळ्या, कपलर, मोठा पाईप परत लावा. मोठ्या पाईपची कड सगळीकडून बसलीय हे हात फिरवून बघा. खालची बाजू दुमडून राहते. केबलवाली असेल तर केबलला जराशी ढील ठेवा, आणि झडपेच्या टेकणीचा रंगाने सीलबंद केलेला स्क्रू फिरवून स्लो लावायला जाऊ नका. कूलंट भरा.

लर्निंग, जे निम्मे लोक करत नाहीत

नव्या किंवा साफ केलेल्या बॉडीवर ईसीयू जुन्या काजळीचं माप वापरतो. म्हणजे झडप गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि स्लो १,२००-१,५०० वर जातो. साफ केल्यावर ‘आता आणखीच बिघडलं’ ही तक्रार बहुधा एवढीच असते.

स्कॅनरमध्ये थ्रॉटल किंवा आयडल लर्निंगचा पर्याय असेल तर तोच वापरा. नसेल तर बहुतेक गाड्यांत चालणारी पद्धत अशी: बॅटरी जोडल्यावर पेडलला पाय न लावता चावी १० सेकंद ऑन, १५ सेकंद ऑफ, असं तीनदा. प्रत्येक वेळी बॉडीची गुणगुण ऐकू आली पाहिजे. मग पेट्रोल मोडवर, एसी-लाईट बंद ठेवून इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत स्लोवर सोडा, मध्ये अ‍ॅक्सिलेटर न देता. नंतर हेडलाईट, ब्लोअर आणि असल्यास एसी एकेक मिनिट चालू-बंद करा, म्हणजे भाराचं मापही शिकून होईल. त्यानंतर रिकाम्या गाडीने १५-२० किलोमीटर, थांबत-निघत. हे सगळं झाल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून गॅसवर न्या. काही गाड्यांत मात्र स्कॅनरशिवाय शिकवणी होतच नाही. पी २१७६ आला तर तीच गोष्ट समजायची.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात कूलंटची पातळी पुन्हा बघा, अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरते. स्लो शिकवणीनंतरही १,१०० च्या वर राहिला तर पुन्हा नोजप्लायर हातात घ्या. बहुतेक वेळा रिंग चिमटलेली असते किंवा एखादी तोटी उघडी राहिलेली असते.

हे वाचणाऱ्यांत डिझेल पिकअपवालेही असतील. तुमच्या गाडीत थ्रॉटलसारखी दिसणारी झडप असली तरी ती स्लो ठरवत नाही. तिचं काम ईजीआरसाठी (जळालेला वायू पुन्हा इंजिनात फिरवण्यासाठी) हवा अडवणं आणि इंजिन बंद करताना धक्का कमी करणं. डिझेलचा स्लो इंजेक्टरने दिलेल्या डिझेलवर ठरतो. तिथे डिझेल फिल्टर, लाईनमध्ये शिरणारी हवा, इंजेक्टरचं रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) आणि अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह या क्रमाने जा.

तुमच्या गाडीला मात्र आधी नवी रिंग, पीसीव्हीचा पाईप आणि पर्ज व्हॉल्व्हची तपासणी. ते करून झाल्यावर गरम स्लोला मॅप किती आणि सापेक्ष थ्रॉटल किती, हे दोन आकडे पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर लिहून कळवा.